तीस डझन बरोबर तीस डझन? आंब्याच्या हिशोबातलं ऑपरेटर ओव्हरलोडिंग

पार्श्वभूमी

राजापूर तालुक्यातले काही बागायतदार एकत्र येऊन आपला हापूस एकाच गाडीने वाशीच्या बाजारात पाठवतात. माल प्रत्येकाचा वेगळा, पण गाडीभाडं, हमाली आणि दलालाशी बोलणी एकत्र. ओळख पटू नये म्हणून गाव, गट आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. दरही समजायला सोपे जावेत म्हणून गोल आकड्यांत घेतले आहेत. बाकी घडलं तसंच लिहिलं आहे. मला या प्रकरणात बोलावलं होतं ते कोड तपासायला.

गटाचा हिशोब बरीच वर्षं वहीत होता आणि तो एका काकांच्या हातात होता. नंतर गटातल्याच एकाची भाची, जी रत्नागिरीत सॉफ्टवेअरचं काम करते, तिने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रोग्राम लिहून दिला. बागेतून किती पेट्या निघाल्या, गाडीत किती चढल्या, बाजारातून आलेल्या पट्टीप्रमाणे (पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद) कुणाला किती रुपये द्यायचे, हे सगळं त्यात होतं. कोड नीटनेटका होता, नावं सरळ होती, टेस्टही (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे तुकडे) लिहिलेल्या होत्या. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते निष्काळजीपणामुळे झालं असं कुणाला वाटायला नको.

आंब्याच्या व्यवहाराशी संबंध नसलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पेटीचा आकार साधारण ठरलेला असतो. फळ मोठं असेल तर तिच्यात कमी डझन बसतात, लहान असेल तर जास्त. म्हणून पेटी ओळखली जाते ती ‘चार डझनी’, ‘पाच डझनी’, ‘सहा डझनी’ अशी. पाच डझनीतलं फळ सहा डझनीतल्या फळापेक्षा मोठं, त्यामुळे तिचा दरही जास्त. दर लागतो तो पेटीला आणि पेटीच्या प्रतीप्रमाणे. नुसते एकूण डझन सांगितले तर बाजारात कुणी भाव सांगणार नाही.

प्रोग्रामची रचना

तिने ‘लॉट’ नावाचा क्लास, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा साचा, केला होता. एका बागायतदाराच्या एका प्रतीच्या, एका दिवशी गेलेल्या पेट्या म्हणजे एक लॉट. त्यात पेट्यांची संख्या, पेटी किती डझनी, मालक आणि तारीख. मग तिने या क्लासला ऑपरेटर दिले, म्हणजे दोन लॉटच्या मध्ये अधिक, उणे, बरोबर ही चिन्हं लिहिता येतील अशी सोय केली. यालाच ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात.

पायथनमध्ये ही सोय कशी चालते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा गुंता त्यावर उभा आहे. दोन वस्तूंच्या मध्ये अधिकचं चिन्ह आलं की पायथन डावीकडच्या वस्तूच्या क्लासमध्ये ‘ॲड’ ही खास मेथड, म्हणजे क्लासमध्ये लिहिलेली कृती, शोधतो (तिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात) आणि उजवीकडची वस्तू तिच्या हाती देतो. ती मेथड नसेल, किंवा तिने ‘नॉट-इम्प्लिमेंटेड’ ही खास किंमत परत केली, तर तो उजवीकडच्या वस्तूला विचारतो, तिथे ‘आर-ॲड’ शोधतो. तिथूनही नकार आला की टाइप-एरर, म्हणजे ‘या वस्तूंवर हे चालत नाही’ अशी तक्रार. उजवीकडची वस्तू डावीकडच्याच क्लासच्या सबक्लासची (त्यावरून बनवलेल्या उपप्रकाराची) असेल आणि तिने ‘आर-ॲड’ स्वतःची वेगळी लिहिली असेल, तर तिला आधी विचारलं जातं. बरोबरीच्या दुहेरी चिन्हासाठी ‘ईक्यू’ मेथड, लहान-मोठं ठरवायला ‘एलटी’ आणि तिची भावंडं. चिन्हांचा आपसातला क्रम बदलता येत नाही, गुणाकार बेरजेच्या आधीच होणार. आणि ‘अँड’, ‘ऑर’, ‘इज’ यांचा अर्थ आपल्याला बदलता येत नाही.

लॉटची बेरीज तिने डझनांवर लिहिली होती. बरोबरीही डझनांवरच. त्यामागे खरी गरज होती: पॅकिंग शेडमधून निघालेले डझन आणि गाडीत चढलेले डझन जुळतात का, हे रोज संध्याकाळी बघायचं असे. दोन्हीकडच्या लॉटमध्ये बरोबरचं चिन्ह टाकलं की उत्तर मिळायचं. कोड वाचायला अगदी मराठीतलं वाक्य वाचल्यासारखं होतं, आणि हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांना ते आवडलं.

अडचण

एप्रिलमध्ये माल वाढला, पट्ट्या रोज यायला लागल्या. काकांनी वही बंद केली नव्हती. सवयीने ते रात्री एखाद-दुसरी पट्टी हाताने मांडून बघत. अशीच एक पट्टी त्यांनी मांडली: एका बागायतदाराच्या पाच डझनी 6 पेट्या, दर 3,000, आणि सहा डझनी 5 पेट्या, दर 2,400. वहीत 18,000 आणि 12,000 मिळून 30,000 झाले. प्रोग्रामने दाखवले 26,400.

त्यांनी फोन लावला. “अगो बाय, तुझो हिशोब छत्तीसशेनं कमी येतो हा. पट्टी माझ्यासमोर आहे.”

तिने तीच पट्टी पुन्हा भरली, उत्तर तेच आलं. दुसऱ्या बागायतदाराची भरली, ती बरोबर आली. तिसऱ्याची बरोबर. चौथ्याला उलट तीन हजार जास्त दाखवत होता. कधी कमी, कधी जास्त आणि बहुतेक वेळा अगदी बरोबर, अशी चूक पकडायला सगळ्यात त्रासाची असते. टायपिंगची चूक, पट्टी वाचण्यातली चूक, दोन माणसांनी एकाच वेळी भरल्यामुळे झालेली गडबड, असे सगळे संशय घेऊन झाले.

मुळाशी काय होतं

चुकलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. पाच डझनी 6 पेट्या म्हणजे 30 डझन. सहा डझनी 5 पेट्या म्हणजेही 30 डझन. ज्या ज्या पट्टीत दोन लॉटचे एकूण डझन योगायोगाने सारखे आले होते, तीच पट्टी चुकली होती. आणि हा योगायोग फार दुर्मीळही नाही. चार डझनी 15, पाच डझनी 12, सहा डझनी 10, सगळे साठच.

प्रोग्राम दर ठेवत होता डिक्शनरीमध्ये, म्हणजे किल्ली दिली की तिची किंमत काढून देणाऱ्या यादीत. किल्ली म्हणून लॉट, किंमत म्हणून पेटीचा दर. डिक्शनरीत नवी किल्ली येते तेव्हा पायथन आधी तिचा हॅश, म्हणजे तिची जागा ठरवणारा आकडा, काढतो, त्या हॅशवर आधीच कुणी बसलेलं असेल तर दोघांमध्ये बरोबरी तपासतो. बरोबरी ‘हो’ म्हणाली की ती जुनीच किल्ली समजायची, किल्ली आहे तशी ठेवायची आणि किंमत मात्र बदलायची. पाच डझनी लॉट आधी गेला, दर 3,000. मग सहा डझनी लॉट गेला. तीस बरोबर तीस, म्हणून पहिल्याचीच जागा, आणि तिथला दर झाला 2,400. पुढे दोन्ही लॉटचा हिशोब 2,400 नेच लागला: अकरा पेट्या, 26,400. पट्टीवर सहा डझनी आधी लिहिली असती तर दोन्हींना 3,000 लागून 33,000 आले असते. चौथ्या बागायतदाराचं नेमकं तेच झालं होतं.

हे पायथनचं वैगुण्य नव्हे. साधे आकडेही असेच वागतात: किल्ली 1 ठेवून मग 1.0 ठेवलं तर डिक्शनरीत एकच नोंद राहते, किल्ली 1 आणि किंमत दुसरी. कारण भाषेच्या लेखी ते दोन्ही समान आहेत.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण मला इथे सापडला, आणि तो हंगामाच्या कितीतरी आधी येऊन गेला होता. क्लासमध्ये ‘ईक्यू’ लिहून ‘हॅश’ लिहिलं नाही, तर पायथन 3 त्या वस्तूंना डिक्शनरीची किल्ली होऊ देत नाही, सरळ टाइप-एरर देतो. तिलाही तो आला होता. तिने नियम वाचला: समान वस्तूंचे हॅश समान असायलाच हवेत. आणि नियमाला धरून हॅशही डझनांवरच लिहिला. एरर गेला, टेस्ट पास झाल्या. भाषेने घातलेली एकही अट तिने मोडली नव्हती.

तो एरर म्हणजे भाषेने विचारलेला प्रश्न होता: या दोन वस्तू समान कधी म्हणायच्या, हे तू ठरवलं आहेस का? उत्तर संगणकशास्त्रातलं नव्हतं, बाजारातलं होतं, आणि ते काकांना ठाऊक होतं. हॅश लिहायला लागतो तिथे लोक तो यांत्रिकपणे लिहून पुढे जातात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. मला वाटतं, तिथेच थांबून व्यवहार जाणणाऱ्या माणसाला विचारायला हवं. बेरजेचं चिन्ह चुकलं तर निदान आकडा विचित्र दिसतो. बरोबरीचं चिन्ह चुकलं तर डिक्शनरी, सेट, यादीतला शोध, दुबार नोंदी काढणं, सगळीकडे ते गुपचूप काम करत राहतं, आणि तिथे कोडमध्ये ते चिन्ह लिहिलेलंही नसतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिच्याच मनात आला: सगळे ऑपरेटर काढून टाकायचे आणि नावाच्या मेथड ठेवायच्या. जावा ही भाषा याच वाटेने गेली. 1995 मध्ये ती आली तेव्हापासून तिथे अधिकचं चिन्ह आकड्यांना आणि स्ट्रिंगला (मजकुराला) चालतं, आपल्या क्लासला ते देता येत नाही. ‘बिग-डेसिमल’सारख्या दशांश आकड्यांच्या क्लासची बेरीज करायची तरी ‘ॲड’ ही मेथड हाक मारून करायची. पण इथला रोग त्या औषधाने जाणारा नव्हता. त्याच ‘बिग-डेसिमल’मध्ये ‘इक्वल्स’ या मेथडला 2.0 आणि 2.00 वेगळे वाटतात, तर ‘कंपेअर-टू’ला समान. म्हणजे चिन्ह नसलं तरी समान कशाला म्हणायचं हा प्रश्न तिथेही उभाच आहे. सी प्लस प्लस या भाषेच्या ‘मॅप’मध्ये, म्हणजे तिथल्या डिक्शनरीत, तर बरोबरी लिहावीही लागत नाही. ‘पेक्षा लहान’ डझनांवर लिहिलं असतं, तर दोघांपैकी कुणीच दुसऱ्यापेक्षा लहान नाही म्हणून त्याने हे दोन लॉट एकच धरले असते.

दुसरा पर्याय: बरोबरी कडक करायची. पेट्यांची संख्या आणि प्रत दोन्ही जुळले तरच समान. दोन ओळींचा बदल, आणि हंगाम ऐन भरात असल्यामुळे मोह मोठा होता. काकांनी तो एका वाक्यात निकालात काढला. “आणि एकाच माणसाच्या पाच डझनी सहा पेट्या दोनदा इल्या, तर?” सकाळच्या गाडीच्या सहा पेट्या आणि दुसऱ्या दिवशीच्या सहा पेट्या, प्रत तीच, मालक तोच, पण दर वेगळा, आणि पट्टी दोन्हींची एकत्र. आकडे कितीही जोडले तरी लॉट म्हणजे लॉटच. तो त्याच्या आकड्यांवरून ओळखला जात नाही.

तिसरा पर्याय लॉटचे दोन तुकडे करण्याचा होता. ‘डझन’ हे शुद्ध माप, त्याला बेरीज, वजाबाकी, बरोबरी सगळं शोभतं, कारण तीस डझन आणि तीस डझन खरोखरच समान असतात. आणि ‘लॉट’ ही व्यवहारातली वस्तू, तिला क्रमांक असतो, बेरीज नसते. पायथनच्या तारखांच्या मॉड्यूलमध्ये हीच विभागणी आहे. एका तारखेतून दुसरी वजा केली की ‘टाइम-डेल्टा’, म्हणजे मधला कालावधी, मिळतो, तारखेत ‘टाइम-डेल्टा’ मिळवता येतो, पण तारखेत तारीख मिळवायला गेलात तर टाइप-एरर. दोन तारखांच्या बेरजेला काही अर्थच नाही, म्हणून ते चिन्ह तिथे दिलेलंच नाही.

जुन्या कोडमध्ये याची खूण आधीपासून होती. दोन लॉटची बेरीज केली की जो नवा लॉट तयार व्हायचा, त्याच्या प्रतीच्या रकान्यात ‘मिश्र’ असं लिहिलं जायचं. मिश्र प्रतीची पेटी कोणताही बागायतदार भरत नाही. ऑपरेटरच्या उत्तराला असं खोटं लेबल लावावं लागत असेल, तर ते चिन्ह चुकीच्या क्लासवर बसलं आहे असं मी समजतो.

काय केलं

निर्णय दोन टप्प्यांत घेतला. त्याच संध्याकाळी फक्त डिक्शनरीची किल्ली बदलली, लॉटऐवजी लॉटचा क्रमांक. बाकी कशाला हात लावला नाही. हंगामातल्या आधीच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा चालवल्या आणि फरक आलेल्यांची यादी काकांच्या हाती दिली. ज्यांना कमी मिळाले होते त्यांना रक्कम दिली, ज्यांना जास्त गेले होते त्यांच्या पुढच्या पट्टीतून वळते केले. गटाच्या बैठकीत हे उघडपणे सांगितलं. माझ्या मते हा निर्णय कोडमधल्या कोणत्याही बदलापेक्षा महत्त्वाचा होता, कारण एकत्र गाडी चालते ती विश्वासावर.

मोठी दुरुस्ती पाऊस लागल्यावर, बागेतली कामं संपल्यावर झाली. ‘डझन’ हा न बदलणारा क्लास केला, गोठवलेला डेटाक्लास. त्यात बरोबरी आणि हॅश पायथन स्वतः रकान्यांवरून तयार करून देतो. ‘लॉट’वरचे सगळे ऑपरेटर काढले आणि त्याला ‘एकूण डझन’ विचारण्याची सोय ठेवली. संध्याकाळचा ताळा आता असा होतो: दोन्हीकडच्या लॉटचे डझन मोजा, त्या डझनांची बरोबरी बघा.

या फेरीत आणखी एक गोष्ट वर आली. जुन्या कोडमध्ये लॉटमधून नुसता आकडा वजा करता येत असे. खराब निघालेलं फळ वजा करायला ती सोय होती. स्क्रीनवर ‘लॉट उणे 2’ असं दिसल्यावर काका म्हणाले, “दोन म्हणजे काय गो? दोन पेट्या, दोन डझन, का दोन फळां?” कोडमध्ये अर्थ होता डझन. शेडमधल्या मुलाला वाटत होतं फळं. आता ‘डझन’मधून फक्त ‘डझन’च वजा होतात. दुसरं काही समोर आलं तर मेथड ‘नॉट-इम्प्लिमेंटेड’ परत करते आणि पायथन टाइप-एरर देतो. मेथडमध्येच आपण एरर फेकायचा का, यावर थोडी चर्चा झाली. तसं केलं तर उजवीकडच्या वस्तूला विचारण्याची संधीच जाते, म्हणून नकार परत करणंच योग्य ठरलं.

याने एक जुनी सोय मोडली. यादीची बेरीज करणारं ‘सम’ हे फंक्शन बेरीज शून्यापासून सुरू करतं, म्हणजे पहिली बेरीज होते साधा शून्य अधिक डझन, आणि तिथेच टाइप-एरर. ‘आर-ॲड’मध्ये शून्याला सूट देणं हा प्रचलित उपाय आहे. आम्ही तो घेतला नाही. ‘सम’ला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून सुरुवातीची किंमत देता येते, तिथे ‘शून्य डझन’ दिले. नुसत्या आकड्याला दार एकदा किलकिलं केलं की पुढच्या वर्षी कुणीतरी ते सताड उघडतं.

‘अधिक-बरोबर’ हे चिन्ह मात्र मुद्दाम लिहिलं नाही. ते नसेल तर पायथन साध्या बेरजेने नवी वस्तू बनवतो आणि नाव तिला देतो. जुन्या लॉटमध्ये ते जागेवरच बदल करत असे, त्यामुळे दोन नावं एकाच वस्तूची असली की एकात मिळवलेलं दुसऱ्यातही दिसायचं.

परिणाम

पुढच्या हंगामात काकांनी मेअखेरपर्यंत वही चालू ठेवली. पट्ट्या जुळल्या. टेस्टमध्ये आता समान डझनांच्या वेगळ्या प्रतीची पट्टी आहे, दोन्ही क्रमांनी मांडलेली, आणि तिचे आकडे काकांच्या वहीतून घेतले आहेत. कोड थोडा लांबला. लॉट अधिक लॉट लिहिण्याची मजा गेली याची तिला हुरहुर वाटली, आणि ती मला समजते. चांगला ऑपरेटर वाचणाऱ्याचे कष्ट खरोखर वाचवतो. ‘डझन’वर तो अजून आहे, आणि तिथे तो शोभतो.

वेगळं काय करता आलं असतं

टेस्ट प्रोग्राम लिहिणारीनेच, मनाने घेतलेल्या आकड्यांवर लिहिल्या होत्या. प्रत्येक लॉटला वेगळे डझन, म्हणून चूक दिसणं शक्यच नव्हतं. पहिल्याच दिवशी जुन्या वहीतल्या पट्ट्या टेस्टमध्ये घातल्या असत्या तर बहुधा मार्चमध्येच हे सापडलं असतं. दर हा लॉटच्या ओळीचाच रकाना असायला हवा होता, वेगळ्या डिक्शनरीची गरज नव्हती, हेही नंतर सुचलं आणि केलं.

एका प्रश्नावर गटाचं अजून एकमत नाही. हंगाम संपत आला की उरलेला आंबा कॅनिंगला जातो, आणि तो किलोवर विकला जातो. तिने ‘किलो’ हा क्लास वेगळा केला आहे. बागेतून एकूण किती माल निघाला हे एका आकड्यात हवं, असं काही बागायतदारांचं म्हणणं आहे. त्यासाठी डझन आणि किलो यांची बेरीज करावी लागेल, आणि ती आत्ता टाइप-एरर देते. एका डझनाचं वजन फळाच्या आकाराप्रमाणे बदलतं, सरासरी धरली तर कोणत्या बागेची धरायची यावर वाद होईल. तूर्त अहवालात दोन रकाने आहेत, एक डझनांचा, एक किलोंचा, आणि काकांनी वहीतही तसेच दोन आखले आहेत.